दादर ते सहार

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी पहाटे मी दादरच्या फुलबाजारात गेले होते. घटासाठी पाच डहाळे, पाव किलो शेवंती आणि एक वेणी घ्यायची, उजाडायच्या आत मरोळला परतायचं, एवढाच बेत. ओल्या गोणपाटांचा आणि चिरडलेल्या झेंडूच्या देठांचा वास नाकात भरून बाहेर आले तर रस्त्याच्या कडेला एक कुटुंब टॅक्सीवाल्याशी बोलत उभं होतं. वडील, आई, विशी-बाविशीतला मुलगा आणि त्याचा मामा. सोबत दोरीनं करकचून बांधलेलं खोकं, त्यावर जाड मार्करनं लिहिलेलं नाव, आणि चेन तुटू नये म्हणून वरून पट्टा आवळलेली मोठी बॅग. खेडच्या पलीकडच्या गावातून रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसनं आलेली माणसं. मुलगा एसी दुरुस्तीच्या कामाला कुवेतला निघालेला. टॅक्सीवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून वडील गप्प झाले होते. घासाघीस करावी तर उशीर होतो आणि होकार द्यावा तर जीव वर-खाली होतो, अशा वेळी माणूस जसा गप्प होतो तसे. मी मध्येच म्हटलं, मेट्रो जाते थेट विमानतळाच्या टी-टूला, म्हणजे टर्मिनल दोनला, मीही त्याच बाजूला चालले आहे, चला माझ्याबरोबर. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुंबईत जमिनीखालून धावणारी गाडी विमानतळाला जाते हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

सरकत्या जिन्यापाशी आई थबकली. पाऊल पुढे टाकायची, मागे घ्यायची. मग आम्ही लिफ्ट शोधली. सामान दोन खेपांत खाली गेलं. तिकीट काढून तिच्या हातात दिलं तेव्हा तिनं विचारलं, "एवढंच?" त्या विचारण्यात आनंद दिसेना, म्हणून मी तिच्याकडे नीट पाहिलं. ती तिकिटाकडे बघत मनात कसलातरी हिशेब करत होती. गाडीत बसल्यावर, वांद्रे-कुर्ला संकुल मागे पडल्यावर ती म्हणाली, "थोरला गेला तेव्हा मी आलेच नाही, बाय. टॅक्सीत सामान धरून तिघंच मावत होते. दुसरी टॅक्सी कुठून करणार?" पुढे काही बोलली नाही. टी-टू आलं, ते उतरले. पुढचं स्टेशन माझं.

त्या दिवशी पूजा झाली, कहाणी वाचून झाली, संध्याकाळचा नैवेद्यही झाला. पण तिचं ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

विमानतळापर्यंतच्या वाटेबद्दल बोलताना आपण सहसा मिनिटांत बोलतो. किती वेळ वाचला, किती किलोमीटर, किती स्थानकं. ते महत्त्वाचं आहेच. पण या वाटेवर आणखी एक गोष्ट ठरते, ती म्हणजे कोण कोणाला सोडायला येऊ शकतं. दोन-तीन वर्षांसाठी परदेशी निघालेल्या मुलाचा चेहरा शेवटच्या घटकेपर्यंत कुणी पाहायचा आणि कुणी गावच्या एसटी थांब्यावरूनच मागे फिरायचं, हे दादर ते सहारचा विमानतळ एवढ्याशा अंतराच्या भाड्यावर ठरत आलं आहे. खेडपासून दादर कितीतरी लांब, पण तो प्रवास रेल्वेच्या तिकिटात होतो. खरी दमछाक होते ती मुंबईत पोचल्यानंतर.

माझ्या लहानपणी 'सहारला सोडायला जाणं' हा एक सोहळाच होता. सहारचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं. माझ्या आठवणीतलं सहार नव्वदच्या दशकातलं. काका मस्कतला होते. त्यांची विमानं नेहमी मध्यरात्रीनंतरची. गिरगावातून भाड्याची मॅटाडोर ठरायची, तिच्यात चाळीतली निम्मी माणसं कोंबली जायची, कारण भाडं गाडीचं, माणसांचं नाही. आजी पुरचुंडीत दहीभात बांधायची, काकू निघताना दाराशी हातावर साखर ठेवायची. विमानतळाबाहेरच्या पिवळ्या दिव्यांखाली रत्नागिरीची, म्हसळ्याची, श्रीवर्धनची, केरळातली, आंध्रातली कुटुंबं चादरी पसरून बसलेली असत. हवेत विमानाच्या इंधनाचा उग्र, गोडसर वास. किटलीतून चहा विकणारी पोरं माणसांच्या घोळक्यांमधून फिरायची. काका आत गेले की काचेपलीकडे त्यांचा पांढरा शर्ट दिसतोय का ते शोधायचं, आणि तो दिसेनासा झाला की सगळे एकदम शांत. मॅटाडोरवाला परतीसाठी थांबायला तयार नसला की आम्ही तिथंच बसून राहायचो. रात्री एकच्या सुमाराला लोकल बंद, ती पहाटे चारनंतर सुरू. टॅक्सी परवडायची नाही. मधले तीन तास काकू फुटपाथवर बसून डोळे पुसायची आणि आम्ही मुलं तिच्या मांडीवर झोपून जायचो.

ती रात्रीची पोकळी अजून तशीच आहे.

मी मरोळला राहायला आले त्याला आता बरीच वर्षं झाली. विमानं इतकी डोक्यावरून जातात की फोनवर बोलताना मध्ये थांबायची सवय लागली आहे. पलीकडच्या माणसालाही लागली आहे. शेजारच्या सहार गावात आजही ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची जुनी घरं आहेत, वाड्यांत क्रूस आहेत, आणि त्यांच्या पलीकडे लगेच धावपट्टीची भिंत. विमानतळ इतका जवळ की मुलांना विमानाच्या शेपटीवरून कंपनी ओळखता येते. तरी कित्येक वर्षं तिथं पायी जायची सोय नव्हती. २०१४ च्या फेब्रुवारीत नवं टी-टू सुरू झालं, त्याच वेळी द्रुतगती महामार्गावरून थेट टर्मिनलपर्यंत जाणारा उन्नत रस्ता खुला झाला. दोन किलोमीटरचा, सुरेख, सिग्नल नसलेला. तो मोटारींसाठी बांधला आहे. बॅग ओढत चालणाऱ्या माणसाला त्यावर जागा नाही. त्याच वर्षी ८ जूनला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि तिच्यावर 'एअरपोर्ट रोड' नावाचं स्थानक आलं. नावावर विश्वास ठेवून बॅगा घेऊन तिथं उतरलेली माणसं मी सुरुवातीला रोज पाहायची. जिन्याच्या तळाशी उभं राहून ती इकडेतिकडे पाहायची आणि विचारायची, एअरपोर्ट कुठं आहे? मी हात करून दाखवायची. मग रिक्षा.

म्हणूनच मेट्रोच्या या जमिनीखालच्या तिसऱ्या मार्गाची वाट मी फार आसुसून पाहिली, आणि ती वाट पाहणं सोपं नव्हतं. सात-आठ वर्षं मरोळ नाक्यावर पत्रे उभे होते. रात्री खोदकामाचा घुमारा गादीतून अंगात यायचा. शिवाय आरेचं जंगल. २०१९ च्या ऑक्टोबरात तिथं मेट्रोच्या कारशेडसाठी एका रात्रीत झाडं तोडायला सुरुवात झाली, दोन दिवसांत दोन हजारांहून जास्त गेली, तेव्हा त्या रस्त्यावर जमलेल्यांत मीही होते. अंधारात करवतीचा आवाज यायचा आणि पोलिसांच्या कड्यापलीकडे काही दिसायचं नाही. तो राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि जावा अशी माझी इच्छाही नाही. आज त्याच गाडीनं मी फुलं आणायला जाते, आणि त्या खेडच्या बाईला मीच हाताला धरून त्या गाडीत बसवलं. दोन्ही खरं आहे. जे गमावलं ते इतकं मोठं आहे की जे मिळालं त्याचा एकही कण वाया जाऊ नये असं मला फार तीव्रतेनं वाटतं.

आणि मिळालं आहे ते मोठंच आहे. आरे ते कफ परेड साडेतेहेतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानकं, त्यांतली सव्वीस जमिनीखाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल, मे २०२५ मध्ये वरळीपर्यंत, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण. खर्च सुमारे ३७ हजार कोटी रुपये. भाडं दहा रुपयांपासून सत्तरपर्यंत. काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड. ज्या भागांतून माझ्या लहानपणी मॅटाडोर निघायची, तिथून आता थेट टी-टू. माझी काकू आता ऐंशीच्या घरात आहे. गिरगाव स्थानक सुरू झालं तेव्हा ती मला म्हणाली, मला एकदा सहारला घेऊन चल, नुसतं बघायला. आम्ही गेलो. टी-टूच्या फलाटावर ती बाकावर बसली आणि बराच वेळ येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, तेव्हा हे असतं तर तुम्हा पोरांना फुटपाथवर झोपवायला लागलं नसतं. मी तिला खरं सांगितलं नाही. रात्रीचं विमान असेल तर आजही तिला तिथंच बसावं लागलं असतं.

कारण या मार्गाची पहिली गाडी पहाटे सहाच्या सुमाराला सुटते आणि शेवटची रात्री साडेदहाच्या आसपास. मुंबईहून आखातात, युरोपात जाणारी कितीतरी विमानं मध्यरात्र ते पहाट या वेळातली आहेत, आणि तिकडून येणारीही. म्हणजे सहारला ज्या घटकेला सर्वांत जास्त सामान, सर्वांत जास्त म्हातारे आईबाप आणि सर्वांत जास्त रडू असतं, त्या घटकेला गाडी झोपलेली असते. याला कारण आहे आणि ते मला मान्य आहे. रूळ, विजेची तार, बोगद्यातले पंखे, सिग्नल हे सगळं रोज तपासावं लागतं आणि त्यासाठी वीज बंद करून काही तास मार्ग मोकळा लागतो. लोकलही त्यासाठीच रात्री थांबते. पण गाडी थांबली म्हणून वाट थांबायचं कारण नाही. बेंगळुरूचा विमानतळ २००८ मध्ये शहरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर गेला, तेव्हापासून तिथं 'वायुवज्र' नावाच्या बसेस धावतात, रात्रीसुद्धा. सामान ठेवायला जागा असलेली बस, ठरलेले थांबे, ठरलेलं भाडं. पहाटे तीनला उतरलेल्या माणसाला ती दारात दिसते. त्याला कुणाशी घासाघीस करावी लागत नाही. मुंबईनं यातलं नवीन काही शोधायला नको. टी-टूपासून दादर, कुर्ला, ठाणे, बोरिवली, पनवेल, इतक्या दिशांना रात्रभर दर अर्ध्या तासानं बस, आणि तिची वेळ टर्मिनलच्या आत, सामानाच्या पट्ट्यापाशी मोठ्या मराठी अक्षरांत. ही काही हजारो कोटींची मागणी नाही.

त्या बसमध्ये फक्त प्रवासी बसणार नाहीत, हे मला मरोळमुळे ठाऊक आहे. आमच्या गल्लीत पहाटे अडीच-तीनला दारं वाजतात. विमानात सामान चढवणारे, केबिन साफ करणारे, स्वयंपाकघरात ट्रे भरणारे, दारावर उभे राहणारे. कुणी साकीनाक्याला राहतं, कुणी असल्फ्याला, कुणी कुर्ल्याला. माझ्या इमारतीतली एक मुलगी टर्मिनलवर साफसफाईच्या कामाला आहे. रात्रपाळी सुटली की ती आणि तिच्या तीन मैत्रिणी एकाच रिक्षात येतात, आणि चौघींपैकी एक जरी रजेवर असली तरी उरलेल्या तिघींचं गणित बिघडतं. मागे एकदा ती म्हणाली, काम अवघड नाही ताई, यायचं-जायचं अवघड आहे. प्रवासी वर्षातून एकदा-दोनदा या वाटेनं जातो. ती रोज जाते. विमानतळाच्या वाहतुकीवरच्या चर्चांत मात्र तिचा उल्लेख मी फारसा ऐकलेला नाही, आणि याचं मला मनापासून दुःख होतं.

दुसरी गोष्ट शेवटच्या काही शे पावलांची. मेट्रो जमिनीच्या पोटात, आणि टी-टूमध्ये आंतरराष्ट्रीय विमानासाठी जायचं ते थेट चौथ्या पातळीवर. मधलं सगळं अंतर जिने, लिफ्ट, वळणं, पाट्या. हातात मोकळी पिशवी असेल तर हे काहीच नाही. तेवीस किलोचं खोकं आणि सरकत्या जिन्याला बिचकणारी आई असेल तर हाच सगळा प्रवास आहे. लिफ्ट कुठं आहे हे प्रत्येक वळणावर दिसलं पाहिजे, तिच्यात दोन ढकलगाड्या मावल्या पाहिजेत, आणि विमानतळाच्या ढकलगाड्या मेट्रोच्या दारापर्यंत खाली मिळाल्या पाहिजेत. चेन्नईत मला एक गोष्ट फार आवडली होती. मेट्रो तिथं २०१६ मध्ये विमानतळापर्यंत आली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून समोरच तिरुसुलम नावाचं साधं उपनगरी स्थानक आहे. रस्त्याखालून पलीकडे गेलं की लोकलचा फलाट. चकचकीत काही नाही. तिथून गावाकडची माणसं डोक्यावर पेट्या घेऊन थेट विमानतळात शिरताना मी पाहिली आहेत, आणि कुणी त्यांना अडवत नव्हतं.

मुंबईत आणखी एक घोळ आहे, टी-वन आणि टी-टूचा. देशांतर्गत विमानं दोन्हीकडून सुटतात, दोन्ही टर्मिनलांची मेट्रो स्थानकं वेगळी, आणि मध्ये सहार रोड हे तिसरंच स्थानक. तुमचं विमान कुठून, हे तिकिटाच्या एका बारीक अक्षरात असतं. ज्याला ते अक्षर कळत नाही तो चुकीच्या जागी उतरतो. दादरच्या फलाटावर, ठाण्याच्या पुलावर, पनवेलच्या एसटी स्थानकात एक फलक हवा: कोणती कंपनी, कोणतं टर्मिनल, कोणतं स्थानक. ऑक्टोबर २०२५ मध्ये लोकल, मेट्रो, बस अशा अकरा सेवांचं तिकीट एकत्र काढता येईल असं 'मुंबई वन' ॲप आलं, तेही चांगलंच झालं. पण त्या दिवशी त्या चौघांकडे मिळून एकच साधा फोन चालू होता, आणि त्यावर गावाकडून सारखे फोन येत होते. पोचलात का? पोचलात का?

या सगळ्यामुळे आता माझं मन वारंवार खाडीपलीकडे जातं. नवी मुंबईचा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन होऊन २५ डिसेंबरला प्रवाशांसाठी सुरू झाला. कोकणातल्या माणसाच्या दृष्टीनं ही साधीसुधी गोष्ट नाही. कोकण रेल्वेच्या गाड्या पनवेलवरूनच मुंबईत येतात. खेडच्या, चिपळूणच्या, सावंतवाडीच्या माणसाला उद्या दादरपर्यंत यायची गरजच उरणार नाही. पनवेलला उतरलं की विमानतळ काही किलोमीटरवर. हार्बर लाइनवरचं खांदेश्वर, उरण लाइनवरचं तरघर हीही जवळचीच स्थानकं. सहारला विमानतळ आधी आला आणि रेल्वे पोचायला अनेक दशकं लागली. इथं विमानतळ नवा आहे आणि रूळ आधीपासून शेजारी आहेत. ही संधी पुन्हा येणार नाही. विमानतळ ते विमानतळ जोडणारी मेट्रोची सोनेरी मार्गिका होईल तेव्हा होईल. अटल सेतू आहे, पण तो पुन्हा मोटारींसाठी. पनवेल स्थानकाबाहेर पडल्यापासून टर्मिनलच्या दारापर्यंतचं अंतर आत्ताच नीट बांधलं नाही, तर तिथंही टॅक्सीच्या रांगा रुजतील. एकदा रुजलेल्या रांगा हलवणं किती अवघड असतं ते मी मरोळला राहून पाहिलं आहे.

शिवाय ज्यांच्या जमिनींवर हे उभं राहिलं ती माणसं जवळच आहेत. डोंगर कापला गेला, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, गावं उठली. विमानतळाला इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी लढलेले नेते दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून इथले भूमिपुत्र रस्त्यावर उतरले, ते त्या आठवणीच्या पोटी. त्यांच्या मुलामुलींना आता तिथं पाळ्यांची कामं मिळतील, आणि पाळी काही सकाळी दहाला सुरू होत नाही. उलव्याहून, कामोठ्याहून, करंजाड्याहून पहाटे तीनला कामावर जाणाऱ्या मुलीला बस मिळणार आहे का, हे मी सर्वांत आधी विचारेन.

आखाती विमानं तिथून नियमित सुटू लागतील तेव्हा खेड-दापोली-मंडणगडची कुटुंबं पनवेललाच उतरतील. कोकणकन्या पनवेलला पहाटेच्या अंधारात थांबते. त्या गाडीतून खोकं उतरवणाऱ्या चौघांना स्थानकाबाहेर विमानतळाची बस उभी मिळाली पाहिजे. चौघांनाही जागा, सामानाला जागा, भाडं आधी लिहिलेलं. आणि तीच बस परत फिरताना रात्रपाळी संपलेल्यांना कामोठ्याला, उलव्याला सोडत आली पाहिजे.